लागलंच नाही, सर

कल्पना करा मुलांनो, लढाई ऐन रंगात आली आहे आणि तुमच्या हातात बंदूक नाही. पुढच्या चौघांकडे आहे. तुमच्या तळहातातून निघतो तो फक्त हिरवा उजेड. जखमी गड्यावर तो धरला, की त्याची रिती झालेली जीवाची पट्टी पुन्हा भरते. कॉम्प्युटरवरच्या या लढाईत अशा खेळाडूला हीलर म्हणतात. आता हेडफोन चढवा आणि ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसा. चुळबूळ नको. तिला पावलं ऐकायची आहेत.

"थांब," ताई माइकमध्ये म्हणाली. "जिन्यावर एक जण दबा धरून बसलाय. त्याची गोळी सुटली की पळ."

तिचा धाकटा भाऊ थांबला. ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे जायचं, हे त्याचं काम. गोळी भिंतीत घुसली. धाकटा पळाला.

"डाव्या दाराने दोघे येतायत. मागे या सगळे. अजून मागे. हां, आता!"

ताईचा खेळ हा असा. स्वतःच्या हातापेक्षा तिचं लक्ष दुसऱ्यांच्या पायांकडे जास्त. डाव जिंकून चौघे परतले ते फिरायला जाऊन आल्यासारखे. अंगावर ओरखडा नाही.

मग तेच चौघे पुन्हा खेळले, ताईच्या जागी दुसऱ्या हीलरला, चष्मेवाल्या पोराला, घेऊन. परगावच्या स्पर्धेला एकच हीलर जाणार होता. धाकट्याचं नाव यादीत आधीच लागलं होतं. वर्षभर बहीण-भाऊ खुर्चीला खुर्ची लावून खेळली, ती याच स्पर्धेसाठी. आता ताईचं नाव लागायचं तेवढं बाकी होतं.

चष्मेवाला आधी काही सांगायचा नाही. कुणी घायाळ होऊन किंचाळलं की "आलो, आलो!" करत धावायचा. पोरं मरता मरता वाचत होती. आरडाओरड्याने खोली दणाणली. शेवटी डाव कसाबसा पदरात पडला.

हीलरने एकूण किती जीव भरला, ते खेळच मोजतो. संघ निवडणारे सर फळ्यासारख्या मोठ्या पडद्यासमोर उभे राहिले. चष्मेवाला, सहा हजार दोनशे. ताई, शून्य.

"काय गं पोरी, डुलकी लागली होती का?"

"कुणाला लागलंच नाही, सर."

"बरोबर. म्हणजे ते चांगले खेळले. तू काय केलंस?"

सर काही वाईट नव्हते. कुणी आपल्याला वशिल्याचा दोष देऊ नये, म्हणून तर ते आकडा बघत होते. ताईने धाकट्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. निदान तो तरी सांगेल.

धाकटा खुर्चीत बसून गरागरा फिरत होता. "ताई, मी आज असला भारी खेळलो ना, की तुला कामच उरलं नाही!"

पोरं खो खो हसली. "डॉक्टरीणबाई, दवाखान्याला टाळं ठोका!"

"शेवटचा एक डाव देतो," सर म्हणाले. "काहीतरी करून दाखव."

डाव सुरू झाला. धाकटा बोळात शिरला. ताईला पावलं ऐकू आली. उजव्या कोपऱ्यामागे दोघे होते. 'थांब' हा शब्द तिच्या जिभेवर आला. तिने तो गिळला.

पहिली गोळी धाकट्याला लागली.

"ताई!"

त्या बंदुकीच्या तीन गोळ्या तो सोसतो आणि चौथीला पडतो, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. दुसरी लागली.

"ताई, मेलो! मेलो, मेलो!"

तिसरी लागली. पट्टीत नखाएवढा लाल रंग उरला, तेव्हा ताईने हात उचलला. हिरवा उजेड धो धो वाहिला. पट्टी काठोकाठ भरली. आकडा टुणकन वर उडाला.

पुढच्या वळणावर ती गप्प राहिली. त्याच्या पुढच्याही. चष्मेवाल्याला उशीर होत होता. ताई उशीर करत होती. ओरडून ओरडून धाकट्याचा घसा बसला. एकदा तर तो रडायच्या बेतात आला, तेव्हाही तिने तिसऱ्या गोळीची वाट पाहिली.

डाव संपला. या वेळीही कसाबसा जिंकला होता. पडद्यावर आकडा उमटला आणि सरांनी टाळीच वाजवली.

"सात हजार आठशे! याला म्हणतात हीलर! पोरांनो, बघा. इतका मार पडला, पण एकालाही मरू दिलं नाही तिने."

त्यांनी यादीत तिचं नाव लिहिलं. मघाशी हसलेली पोरं हात मिळवायला पुढे आली. चष्मेवाला चष्मा पुसत बसला.

धाकटा येऊन ताईच्या गळ्यातच पडला. शर्ट घामाने चिंब झाला होता.

"आज तू नसतीस ना, तर माझं काही खरं नव्हतं," तो बसक्या आवाजात म्हणाला. "मघाशी मी उगाच फुशारक्या मारल्या गं." मग त्याचे डोळे चमकले. "ताई, स्पर्धेत मी याहून पुढे जाऊ? इकडेतिकडे न बघता, थेट! मागे तू आहेसच की."

सगळी खोली ऐकत होती. सरही.

ताईने आपल्या बाहीने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"जा," ती म्हणाली. "बिनधास्त जा."