तय्यबचाचांच्या पोटातली पोरगी

‘‘सांगून कुणाला पटायचं नाय,’’ धोंडूबाईच्या ओट्यावर टेकत तय्यबचाचा म्हणाले, ‘‘पण माझी पोरगी माझ्या पोटात हाय.’’

कावीळ उतरवून घ्यायला आलेली चार माणसं सरसावून बसली. वरंधच्या वरच्या वाडीवर एवढ्या सकाळी करमणूक मिळेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

गोष्ट अगदीच खोटी नव्हती. चाचांच्या पित्तनळ्या आवळत गेल्या, लिव्हर नासलं, तेव्हा हुमेरानं आपलं अर्धं लिव्हर बापाला दिलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. खोटं वेगळंच होतं. पुतण्याच्या काविळीचं औषध आणायचंय, असं सांगून त्यांनी आज तिला स्कूटर काढायला लावली होती. गेल्या आठवड्यात मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते, तोच आजार नव्या लिव्हरातही सुरू झालाय. झाडपाल्याच्या नादी मात्र लागू नका. चाचा एकटेच गेले होते, त्यामुळे घरी कुणाला पत्ता नव्हता. हुमेराला तर लागायलाच नको होता. आपण दिलेलं फुकट गेलं, असं पोरीला वाटलं असतं.

ती मोबाईलला रेंज शोधत वळणापर्यंत गेली, तसे चाचांनी दोन्ही हात पुढे केले. धोंडूबाईनं खाली परात सरकवली आणि हातांवर चुन्याचं पाणी ओतून चोळायला घेतलं. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली, असं तिच्याकडे येणारे मानतात.

‘‘बाईमाणसाचं लिव्हर, बाय! आता मला चिंचा खाव्याशा वाटतात. तिच्या सासूचा फोन आला की तिचं डोकं मागनं दुखतं, माझं पोट आधी.’’

‘‘आणि जुना आजार, चाचा?’’ एकानं विचारलं.

‘‘आलेला ना! कडी वाजवलीन. आतनं लिव्हर पोरीच्या आवाजात म्हणालं, अब्बा घरात नायत. गेला बिचारा घाट चढून भोरला. तिकडंच बिऱ्हाड केलंन म्हणतात.’’

धोंडूबाईसुद्धा हसली. परातीतलं पाणी हळदीसारखं झालं होतं.

‘‘भोरला गेला, तर हात कशाला धुताय, अब्बा?’’

हुमेरा कधी मागे येऊन उभी राहिली, कुणालाच कळलं नव्हतं. चाचा हात ओढून घ्यायला बघत होते; धोंडूबाईनं ते सोडले नाहीत.

‘‘अगो, ते पुतण्याच्या...’’

‘‘खोटं. त्याचे हात घरी हायत.’’

ती ओट्याच्या पायरीवर बसली. मग हळूच म्हणाली, ‘‘माझं लिव्हर वाढून परत पहिल्यासारखं झालंय, अब्बा. आणखी एकदा देता येतं का, तेवढं तरी डॉक्टरांना विचारलंत?’’