कातरण

वहीचं पहिलंच पान उलटलं आणि बाइंडिंगवालीला आपली चूक दिसली. समासात पेन्सिलीची अक्षरं होती आणि त्यांना डोकी नव्हती.

तिची मैत्रीण, परवाच निवृत्त झालेली नर्स, वहीच्या नव्या पाठीवरून बोट फिरवत होती. किरमिजी कापड, कोपऱ्यांना चामडं, खुणेला रेशमी फीत. वही जुनीच, वीस वर्षांची, पानं पार सुटी झालेली. नर्सच्या लेकीने ती कपाटातून गुपचूप काढून दिली होती. निवृत्तीची भेट म्हणून बाकीच्या मैत्रिणींनी घड्याळ नाहीतर फुलदाणी देऊन उरकलं. आपण माणूस ओळखून देतो, हे बाइंडिंगवालीने लेकीला आल्या आल्या दोनदा ऐकवलं होतं.

ही निरोपांची वही. नर्सची ड्यूटी दिवसाची, नवरा बेकरीत रात्रपाळीला. दोघांची गाठ दारात पडायची, तीही पडली तर. ती ओळींवर निरोप लिहून जायची. कागद वाया घालवला की ती रागवायची, म्हणून तो वही आडवी धरून समासात पेन्सिलीने उत्तर लिहायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

समासाचं बाइंडिंगवालीला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याची वही वाचायची नाही, हा तिचा पहिल्यापासूनचा नेम. याही वेळी नजर न टाकता तिने पानं शिवली, दाबली आणि कडा एकसारखी दिसावी म्हणून यंत्राखाली दोन सूत, म्हणजे पाव इंचभर, कापून टाकली. सभ्यपणाच नडला.

"छत्री सापडत नाही, हे मी," नर्स वाचत होती. मग तिने समासातल्या अर्ध्या अक्षरांवर बोट ठेवलं. "माझ्याकडे आहे. मी सापडत नाही, असंही कधी लिहीत जा. हे यांचं."

लेक हसली. पुढच्या पानावर नळ गळत होता, प्लंबरला बोलवायचं होतं. त्याचंही उत्तर नर्सने न अडखळता म्हटलं: गळू दे, दिवसा तेवढीच सोबत होते.

कापलेलं तिला दिसत होतं. न दिसायला ती काही आंधळी नव्हती. ती तोंडपाठ म्हणत होती आणि मध्येच शिलाई किती सुबक आहे ते सांगत होती. बाइंडिंगवालीला वाटलं, हिने एकदा तोंड सोडावं, म्हणजे आपण सुटू.

मग एका पानावर नर्स थांबली. 'काल निघताना मला उठवलं का नाहीत?' असं तिने लिहिलं होतं. समासात अर्ध्या अक्षरांची एक लांब ओळ होती. तिने चष्मा पुसला, वही आडवी केली, पुन्हा उभी केली.

"इथे काय होतं, ते मला आठवत नाही," ती म्हणाली.

बाइंडिंगवालीने सांगून टाकलं. मीच कापलं, एकदा वाचलं असतं तर कळलं असतं, पण मी वाचलं नाही.

"तू कसली वाचतेस," नर्स म्हणाली. "शाळेत शेजारणीच्या पेपरात तरी डोकावायची होतीस. दोनदा नापास झाली नसतीस."

तेवढ्यात लेकीने भेटीचं रिकामं खोकं कचऱ्यात टाकायला उचललं. वहीला धक्का लागू नये म्हणून बाइंडिंगवालीने त्यात दुकानातलं कागदाचं कातरण कोंबलं होतं. आयतं पडलं होतं तेच.

"ठेव ते खाली," बाइंडिंगवाली म्हणाली आणि लेकीच्या आधी स्वतःच खाली बसली.

कातरण फरशीवर ओतलं. कुठल्या तरी कचेरीचं पिवळं, कोणाच्या तरी प्रबंधाचं पांढरंशुभ्र. बऱ्याच वेळाने निळ्या रेघांची एक पट्टी निघाली. तिच्यावर पेन्सिलीने अक्षरांचे नुसते माथे होते, दोरीवर वाळत घातल्यासारखे. खाली काही नाही. तिने ती उचलून त्या पानाच्या कडेला लावली. जुळेना.

नर्सने पट्टी हातात घेतली आणि दोन पानं मागे जाऊन लावून पाहिली.

"ही नळाची," ती म्हणाली. तिने पट्टी तिथेच राहू दिली, वहीही मिटली नाही. आयुष्यभर डॉक्टरांच्या हातात कात्र्या-चिमटे देणारा तो हात, आता तळवा वर करून, तिने मैत्रिणीपुढे धरला.

"पुढची दे."