गुडघ्याचा पट्टा

सैल झालेला कुर्ता कमरेत आत घ्यायला वहिनी तिसऱ्यांदा शिंपीणबाईंकडे आल्या, तेव्हा बाईंच्या गुडघ्याला पट्टा होता.

“तुमचं ऐकून सहा महिने रोज दोन तास चालले, वहिनी. गुडघा कामातून गेला, पण वजन तसूभर हललं नाही. माझ्यातच जिद्द नाही, दुसरं काय!”

“धीर धरा हो. मी नुसतं चालूनच उतरवलं ना?” वहिनींनी नेहमीची टेप लावली.

कमरेची जुनी शिलाई बघायला बाईंनी वहिनींच्या अंगातल्या कुर्त्याची कड वर उचलली. पोटावरच्या, वजन उतरवायच्या ऑपरेशनच्या पाच बारीक खुणा झाकायला वहिनींचा हात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी कड हळूच खाली सोडली.



“ऑपरेशन फार दुखलं का हो, वहिनी?”