बापाच्या आज्ञेत

"सगुणाबाई, मुलं बापाच्या आज्ञेत आहेत ना?" पाळकसाहेबांनी भर उपासनेत विचारलं. कारभार पाहणारा मंडळीचा वडील नेमण्याआधी त्याच्या बायकोला उभं करून घरचं विचारायची आमच्या चर्चमध्ये रीत होती.

या मानाची यांनी आयुष्यभर वाट पाहिली होती. मी 'हो' म्हणणार, तोच हे उठले.

"तिला कशाला अडचणीत टाकता? मी सांगतो. आमचा आशेर फार आज्ञांकित. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हटलं, त्यानं अजून दाखवलेलं नाही."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मंडळीचा वडील म्हणून दुसऱ्याच कुणाला नेमलं.

त्यानंतर उपासनेत दार वाजलं, की हे पुरुषांच्या बाकांवरून आणि मी बायकांच्या बाकांवरून मागे वळून बघायचो.

आता मी एकटीच बघते.