फलाट क्रमांक पाच

आजारपणानंतर पहिल्यांदाच घोषणेच्या खोलीत शिरल्यावर तिने आधी आपल्या खुर्चीवरची दुसऱ्या कुणाची तरी उशी उचलून बाजूला ठेवली. मग बसली. नवरा दारातच थांबला. तो याच एसटी स्टँडच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. कामातून तसाच उठून आला होता.

"ताई, चौकशीच्या खिडकीत बसा ना," कंट्रोलर म्हणाले. "माइकवरचं कळलं नाही तर लोकांच्या गाड्या चुकतात."

"साहेब, खिडकीत चेहरा लागतो," ती म्हणाली. "इथे नुसता आवाज."

तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. साखर वाढलेली, त्यात नाक चोंदलं. गाल बधिर पडला तरी सर्दीच म्हणून तिने अंगावर काढलं, तोवर नाकातली बुरशी हाडात उतरली होती. जीव वाचवायचा तर डोळा, वरचा अर्धा जबडा आणि टाळू काढण्यावाचून डॉक्टरांना इलाज नव्हता. तोंड आणि नाक यांच्यामधला आडोसाच गेला. पाणी नाकातून यायचं, शब्दही. 'प'चा 'म' व्हायचा, 'ब'चाही 'म'. मुलीला "बाबांना बोलव" म्हणायला गेली, तर "मामांना मोलव" निघालं. "घ्या, माझं नातंच बदललं," नवरा म्हणाला होता, आणि आजारपणात ती पहिल्यांदा हसली होती.

पुढे टाळूच्या जागी प्लेट बसली. प्लेट डॉक्टरांनी दिली. 'प' आणि 'ब' तिने स्वतः परत आणले. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, घरच्यांचे कान किटेपर्यंत.

"तुम्ही तरी समजवा यांना," कंट्रोलर नवऱ्याकडे वळले.

"मी कसला समजावतोय? घरी तीच मला समजावते. शब्दन् शब्द कळतो."

कंट्रोलरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बंदराच्या गाडीसाठी तीन नंबरच्या फलाटावर खच्चून गर्दी होती, आणि गाडी आज पाचवर लागत होती.

"ठीक आहे. एवढं सांगा."

तिने बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनऐवजी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे."

आवाज पूर्वीसारखा गोड नव्हता. जाडसर होता, कडेने जरा खरखरीत. तिने मान पूर्ण वळवून उजव्या डोळ्याने बाहेर बघितलं.

तीनवरची माणसं क्षणभर थबकली. मग बॅगा उचलल्या गेल्या, पोरं कडेवर आली, आणि सगळी गर्दी पाचकडे निघाली. काय म्हणाल्या, असं कुणी कुणाला विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने तेवढं आपल्या बहिऱ्या बायकोला थांबवलं आणि तिच्यासमोर हाताची पाच बोटं धरली.

दारातला नवरा ताठ उभा राहिला.

"साहेब," तिने विचारलं, "पुढची गाडी कुठली?"

बटण अजून दाबलेलंच होतं. अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं.