दुपारी चोवीस

"ताई, तुमच्या घरात दुपारी स्वेटर घालत असाल," पालिकेचा यंत्रवाला मोबाइलकडे बघत म्हणाला.

सुनेने बाहीने कपाळ पुसलं. नुकतं कुठे उजाडलं होतं आणि डोक्यावरचा पत्रा आताच कुरकुरायला लागला होता.

"कसला स्वेटर? इथे माणूस भाजून निघतंय."

"मग हे काय? सकाळी चौतीस. दुपारी चोवीस. संध्याकाळी परत छत्तीस. अख्ख्या वस्तीत घरं दुपारी तापतात, तुमचं तेवढं गार पडतं."

पालिका गरिबांना अगदी कमी पैशांत कूलर देणार होती, पण ज्या घरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, त्यांनाच. म्हणून घरोघरी खिळ्याला एकेक पांढरी डबी टांगली होती. डबी तापमान मोजायची आणि आपली आपण पालिकेला कळवायची. शेजाऱ्यांचे कूलर मंजूर झाले. यांची डबी एकदा बदलली, तर नवीही तेच बोलायला लागली.

कूलर हवा होता सासूबाईंसाठी. सून कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर, नवरा टेम्पोवर. दिवसभर पत्र्याखाली सासूबाई एकट्या. गेल्या उन्हाळ्यात त्या मोरीपाशी भोवळ येऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, असा आणखी एक उन्हाळा यांना झेपणार नाही.

सुनेचं डोकं चालेनासं झालं होतं. मध्येच तिला वाटलं, आपल्यालाच ताप असेल. शेजारणीकडून थर्मामीटर आणून बघितलं, ताप नव्हता. नवऱ्याने मात्र डबीवर पूर्ण विश्वास ठेवला. "सरकारी यंत्र आहे, आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं," म्हणून तो अंगावर चादर घेऊन जेवायला बसला. घामाच्या धारा लागल्या तेव्हा म्हणाला, "अशक्तपणा असेल."

"आई, तुम्ही सांगा," सून म्हणाली. "दुपारी घरात गार असतं का हो?"

"गार?" सासूबाई माठापाशी फडकं पिळत होत्या. "परवा मेणबत्ती वाकून जमिनीला टेकली. तिला कुणी विचारलं नाही ते."

यंत्रवाल्याने जुनी डबी खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "या कोरड्या उन्हात हिच्या पाठीला बुरशी कुठून आली?"

त्याने पिशवीतून तिसरी डबी काढून टांगली.

"आजी, ही शेवटची. आज दुपारीही चोवीस आलं, तर तुमचं नाव बाद. मग मलाही काही करता येणार नाही."

"अरे बाबा, पहिल्या दिवशी तू म्हणालास ना, हिच्यावरच तुमचा कूलर आहे, हिला जिवापाड जपा? तशीच जपते मी."

"जपाच. पाण्याला घाबरत नाही ती, पण नाजूक आहे. पडली-बिडली तर संपलं."

"पडू कशी देईन!" सासूबाई दुखावल्यासारख्या म्हणाल्या.

यंत्रवाला गेला. सून कामावर गेली, पण तिचं लक्ष लागेना. इस्त्रीखाली एका शर्टाची कॉलर करपली. मुकादम म्हणाला, "बाई, जीव घरी ठेवून आलीस का?" तेवढ्यात कारखान्याची वीज गेली आणि त्याने सगळ्यांना सुट्टी दिली.

भर दुपारी ती घराशी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकलल्याबरोबर आतली धग तोंडावर आली, आणि या नरकाला आज कोण चोवीस म्हणतं ते बघू, असं म्हणत तिने भिंतीकडे पाहिलं.

खिळा रिकामा होता.

डबी चोरीला गेली! हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

सासूबाई माठाच्या आडोशाला बसल्या होत्या. चेहरा लालबुंद, कपडे घामाने अंगाला चिकटलेले. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी, आणि हातातल्या पुठ्ठ्याने त्या तिला वारा घालत होत्या.

"एवढी दुपार काढ गं बाई," त्या डबीला म्हणत होत्या. "कूलर आला की तूही सुटशील आणि मीही."