आजोबा वाजतात

"आई, आजोबा वाजतात," असं ठकी म्हणाली, तेव्हा ठकीच्या आईनं हातातली लेकीची वेणी न सोडता "वाजू देत" म्हटलं होतं. सकाळच्या धांदलीत कुठूनतरी बारीक टुं-टीं येते, हे तिच्याही कानांवर आलं होतं. तिनं ठकीच्या पिवळ्या बदकाच्या पोटातले सेल काढून कपाटावर टाकले आणि विषय मिटवला. दुसऱ्या सकाळी टुं-टीं पुन्हा आली. शेजाऱ्यांचं काहीतरी असेल, म्हणाली.

आता ती दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत ठकीला मांडीवर घेऊन बसली होती. समोर खाटेवर तिचे बाबा, म्हणजे ठकीचे आजोबा, शर्टाची बटणं सोडून, ऐटीत. त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र होतं. हृदय बेताल धावू लागलं की आतूनच शॉक देऊन त्याला ताळ्यावर आणायचं, हे त्याचं काम. ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते. आजची तपासणी नेहमीचीच.

"काका, जेवण, झोप?" यंत्र तपासणाऱ्या तंत्रज्ञानं त्यांच्या छातीवर चकती ठेवत विचारलं.

"झकास! फक्त हिनं माझी चहातली साखर बंद केलीय. त्यावर तुमच्या यंत्रात काही इलाज आहे का?"

तंत्रज्ञ हसला. पडद्यावर रेघा धावत होत्या. मग त्याचं हसू मावळलं. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"डावा हात वर करा. आता खाली. पुन्हा वर."

हात वर गेला तशी एक रेघ खवळली, नुसती गिचमिड झाली. हात खाली आला, रेघ निवली.

ठकीची आई पडद्याकडे पाहतच नव्हती. ती तंत्रज्ञाचा चेहरा वाचत होती. मूल तापानं फणफणलेलं असताना डॉक्टरचा वाचावा, तसा.

"काय झालं हो?"

त्यानं पडद्यावर बोट टेकवून काहीतरी बंद केलं, दारातून नर्सला हाक मारली, "सरांना बोलवा, लगेच," आणि गाडीवरच्या मशीनच्या दोन मोठ्या चिकटपट्ट्या बाबांच्या उघड्या अंगावर लावल्या. एक छातीवर, एक बरगड्यांवर.

"काका, आता हा हात हलवायचा नाही. यंत्रातून हृदयात जी वायर गेलीय ना, ती तुटत आलीय. हृदय बिघडलं तर शॉक पोचेलच असं नाही. उलट हात हलला की यंत्र फसतं, चांगल्या चालत्या हृदयालाच शॉक देऊन बसेल. म्हणून आतलं बंद केलंय. तोवर शॉक द्यायला हे बाहेरचं मशीन."

"म्हणजे इतके दिवस पहारेकरी झोपलाच होता म्हणायचा!" बाबा थट्टेनं म्हणाले.

"झोपला नव्हता. वायरला काही झालं की यंत्र रोज सकाळी वाजतं. सांगितलं होतं ना तुम्हाला, वाजलं तर त्याच दिवशी या म्हणून?"

"सांगितलं होतं. पण वाजलंच नाही."

"वाजलंय, काका."

"अहो, माझ्या छातीत वाजणार आणि मलाच कळणार नाही?"

तंत्रज्ञानं एक बटण दाबलं. "हे असं."

टुं-टीं. टुं-टीं. बाबांच्या छातीतून आवाज आला.

बाबा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "लावा ना मग."

ठकीनं आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"बदक नव्हतं ते," ती म्हणाली. "आता सेल दे त्याचे."

बाबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "लागलं का? अगं, मला कुणी सांगेल का?"

"लागलंय, बाबा."

"तुला ऐकू येतंय?"

"हो."

"आज पहिल्यांदाच ना?"

तिनं ठकीला घट्ट धरलं. बाबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग उजवा हात पुढे करून तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "बारीक आवाज आताशा मला येतच नाहीत गं. कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच."

डॉक्टर आले, पडदा पाहिला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आजच नवी वायर घालू. मग गुंगीत ठेवून यांचं हृदय आम्ही मुद्दाम बिघडवणार. यंत्रानं ते स्वतःहून सावरलं, म्हणजे झालं."

"आणि नाही सावरलं तर?" ठकीच्या आईनं विचारलं.

"तर आम्ही बाहेरून शॉक देऊ. उभे असतोच आम्ही."

खाट निघाली. नर्सनं बाबांचा डावा हात धरून ठेवला होता. त्यांनी उजव्या हातानं ठकीला टाटा केला. बाहेरच्या मशीनची गाडी खाटेला लागून चालली होती. दार लोटलं गेलं आणि वरचा लाल दिवा लागला.

ठकीच्या आईला बाकावर बसवेना. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारावं असं तिला वाटत होतं. तुम्हालासुद्धा. तुमच्या घरी कुणाच्या छातीत असं यंत्र आहे का? मग उद्या सकाळी त्यांच्याजवळ जरा गप्प बसा. वाजतं का, असं त्यांना विचारू नका, ते नाहीच म्हणतील. घरात सगळ्यात लहान जे कोण असेल, त्याला विचारा.